धूर खालनं काढला

आमी मूळचे आटपाडीच्या वरच्या अंगाचे. गाव हाय म्हनायला, घर बी हाय, पन वरसातलं आठ म्हैनं घराला कुलूप आसायचं, कारन आमी मेंढरांमागं. दसरा झाला की वाडा, म्हंजी मेंढरांचा तळ, उचलायचा आनि खाली उतरायचं, कऱ्हाडाकडं, कृष्णाकाठाला, कुनाच्या तरी काळ्या रानात मेंढरं बसवायची, त्येच्या रानाला खत, आमाला ज्वारी, असं करत करत मिरगाच्या तोंडाला माघारी. माझा जन्म बी वाटंवरच झालाय, कुटल्या शिवारात ते आयला बी सांगता येत न्हाई, ती म्हनती हरबरा घाटं धरत हुता येवढं ध्यानात हाय. तर असा मी, सिदू. आता हितं मलकापुरात हायवेच्या कडंला सायलेन्सरचं दुकान हाय माझं, नळ्या वाकवतो, तीस वरसं होत आली, सगळी पोरं सिदूमामा म्हनत्यात.

तुमी आलाय गाडीचं आयकायला ते ठाव हाय मला. पन बाचं सांगितल्याबिगर फुडचं कळायचं न्हाई. माझा बा धूर बगायचा. वाडा कुटं लावायचा हे त्यो धुरावरनं ठरवायचा. आदी चार काटक्या पेटवायचा आनि उकिडवा बसून बगत ऱ्हायाचा, धूर जमिनीला चिकटून जातोय, का वर उटतोय, का फिरून माघारी येतोय. माघारी फिरनारा धूर त्येला आवडायचा न्हाई. म्हनायचा, हितं वाऱ्याला जायाला वाट न्हाई, हितं वारा आडून बसलाय, हितं मेंढरू बसवायचं न्हाई. आनि पाय दुखत आसलं, पोरं रडत आसली तरी उचला म्हनायचा, फुडं चला. आमाला राग यायचा. पन वारं कसं बगायचं ते मी तितं शिकलो, शाळंत न्हाई, शाळंत मी तिसरीपतुरच.

आनि दुसरं एक. वाड्यावरनं कोन निघालं, मेंढरं घिऊन निघूं दे, बाजाराला निघूं दे, त्येला मागनं हाक मारायची न्हाई. लय कडक हुतं ते आमच्यात. काय इसरलं आसंल, काय सांगायचं ऱ्हायलं आसंल, तर पळायचं, लांबनं वळसा घालायचा, त्येच्या तोंडाफुडं यायचं आनि मंग बोलायचं. माझी आय एकदा बाची पानाची चंची द्यायला आख्खा माळ वळसा घालून पळाल्याली मी बगितलीया, पाठीवर माझी धाकटी भन बांधल्याली. चुलत्यानं एकदा हाक मारली बाला मागनं, कुत्र्याला भाकरी टाकली का म्हनून इचारलं येवढंच, आनि त्याच दिवशी हायवे वलांडताना ट्रक आमच्या मेंढरात घुसला. काय सांगू तुमाला, रस्ता दिसत नव्हता लोकरीखाली. आता ते हाकंमुळं झालं का ट्रकवाल्याचा डोळा लागल्याला म्हनून झालं, कोन सांगनार. पन आमच्या घरात ते हाकंमुळंच झालं. बा तितंच रस्त्याच्या कडंला बसला आनि म्हनला सिद्या, तू दुसरं कायतरी शिक. मी तवा मिसरूड फुटल्याला गडी, चांगला एकोनीस ईस वरसाचा.

त्याच हायवेवर कऱ्हाडच्या अलीकडं एक उस्ताद हुता, मिरजेकडचा, त्येच्या हाताखाली लागलो. नळी वाकवायची म्हंजी काय, तर नुसती तापवून वाकवली की ती पोटात दबती, चपटी हुती, मंग धूर तितं आडतो. म्हनून आदी तिच्यात रेती भरायची. नदीची बारीक रेती, तव्यावर भाजून भाजून कोरडी करायची, नळीत भरायची, वरनं लाकडी हातोड्यानं ठोकत ठोकत ठासायची, दोनी तोंडाला लाकडाची बुचं मारायची, आनि मंग गॅसनं लाल करून हळू हळू वाकवायची. लेकराची मान धरतात तसं. आता मशनी आल्यात, दाबलं की वाकलं, पन बारीक काम आसंल तर मी अजून रेतीनंच करतो. उस्तादला एक डोळा नव्हता. एकदा रेती नीट भाजली नव्हती, वाईच वल ऱ्हायली, त्येची वाफ झाली आनि बुच सुटलं. ते सांगताना उस्ताद हसायचा, पन रेती भाजायला दुसऱ्या कुनाला बसू द्यायचा न्हाई.

त्यो मला एक म्हनायचा, ते मी माझ्या लेकीला बी सांगितलं, आनि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं मला लयदा वाटतं. त्यो म्हनायचा, लोकास्नी वाटतं नळी धूर भायेर टाकायला आसती. न्हाई. नळी वडायला आसती. धुराचा एक घोट जोरात भायेर गेला की त्येच्या मागं पोकळी ऱ्हाती, आनि ती पोकळी फुडचा ताजा घोट इंजनात वडून घेती. नळी लय लांब केली, लय वाकनं दिली तर इंजन घुसमटतंय. लय आखूड केली तर वर पळतंय चांगलं पन खालच्या चालीला वडत न्हाई. म्हंजी परत्येक इंजनाची एक नळी आसती, तेवढीच लांब, तेवढीच वाकल्याली, आनि ती कानानं हुडकायची. मी कानानं हुडकतो. जीपगाडी लांबनं आली तरी मी सांगतो हिचं कुटं गळतंय.

आशी, अश्विनी, ही माझी एकच लेक. ती हितंच लहानाची मोठी झाली, ह्या लोखंडाच्या चुऱ्यात. अभ्यास ह्या बाकड्यावर. लय जिद्दी, आनि तोंडाची फटकळ, आज्जीवर गेलीया. हितंच कऱ्हाडात इंजनेरीला लागली, मेकॅनिकल, त्येच्यात पोरी कमी, पन हिला तेच पायजे हुतं. तितं पोरं मिळून रेसची गाडी तयार करत्यात, सगळ्या कॉलेजांची आपापली गाडी, मंग एकदा सगळी एकत्र जमून पळवत्यात. एकट्या मानसाची गाडी, बसल्यावर बूड जमिनीपासनं चार बोटं वर, इंजन मोटरसायकलचं. हिनं आप्पा आप्पा करून मला त्येच्यात वडला. पयल्या वरसाची नळी मीच केली, बाजूनं वर काढल्याली, साधी, आवाज बी गोड. गाडी मदल्या नंबरात कुटंतरी आली. आनि गाडी चालवायला आशीच, कारन ती वजनानं हलकी आनि भ्या कशाला म्हनत्यात ते ठाव न्हाई.

दुसऱ्या वरसाला हिनं कागद आनला. म्हनली आप्पा, औंदा नळी वरनं नको, खालनं काढायची. खालनं म्हंजी कुटं? तर त्यांनी गाडीच्या पोटाखाली फायबरचा पत्रा लावल्याला, सपाट, आनि मागं गेल्यावर त्यो वर उचलल्याला, सूप कसं आसतंय तसा. पोरं त्येला डिफ्यूजर म्हनत्यात, मी सूप म्हनतो. पोटाखालनं वारं जोरात जातं, सुपात आलं की पसरतं, आनि त्येच्यामुळं गाडी जमिनीला वडली जाती. वजन वाढत न्हाई पन वजन वाढल्यावानी टायर रस्त्याला दाबून बसत्यात, मंग वळनाला जोरात घालता येती. आता हिचं म्हननं असं की नळीचं तोंड त्या सुपात सोडायचं. धूर एवढा जोरात येतो, त्यो सुपातलं वारं आपल्याबरुबर वडून नेईल, पोटाखाली अजून पोकळी, गाडी अजून दाबून बसंल. आप्पा, उस्तादचंच हाय की हे, ती म्हनली, धूर वडतो. इंजनाला वडतो तसा गाडीला वडंल.

मी म्हनलं वाकनं वाढतील, इंजन वर गेल्यावर घुसमटंल. ती म्हनली तेवढं हिशेबात धरलंय, वळनाला जे मिळंल ते त्येच्यापेक्षा जास्त हाय. मी म्हनलं फायबर जळंल. ती म्हनली वर कापड गुंडाळू, ताप सोसनारं येतं तसलं. सगळ्याला उत्तर. आवं, बापाला बरं वाटतं हो, लेक आपल्याला शिकवती हे. त्या बरं वाटन्यातच मी एक इचारायचं इसरलो, आनि ते आजून माझ्या उरावर हाय. धूर वडतो ते खरं. पन धूर थांबला की?

नळी करायला तीन येळा लागलं. पयली वाकनाला चपटी झाली, दुसरी लांब झाली, तिसरी बसली. चार वाकनं, एक बी सुरकुती न्हाई, आजपतुर केल्यातली सगळ्यात देखनी नळी ती. बसवली, इंजन चालू केलं, आवाज जमिनीतनं आल्यासारखा आला, घुमल्याला. वरच्या नळीचा आवाज मोकळा हुता. ह्यो दाबल्याला. पोरं नाचाय लागली आनि मला काय बरं वाटलं न्हाई, कशानं ते सांगता आलं न्हाई.

ट्रायल घ्यायला जागा मिळाली कडेगावच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या आवारात. नाव नको. कप्तान हुता रणजित, तिकडच्याच बागायतदाराच्या घरातला, त्येचा चुलता कारखान्यात. गळीत संपल्यालं, धुराडं थंड, गाडीतळ रिकामा, नुसतं सिमिटाचं भलंमोठं पटांगन आनि कडंला वाळल्या चिपाडाचं ढीग. एवढी मोठी जागा आनि मानूस न्हाई, आवाज केला की पत्र्यावर आपटून माघारी यायचा. पोरांनी नारंगी टोप्या मांडल्या, सरळ पळायचं, मंग वजनकाट्यापाशी उजवीकडं वळायचं आनि माघारी. वजनकाट्याला सिमिटाचा कट्टा, फूटभर उंच. त्येच्याफुडं पोरांनी जुनी टायरं रचली, पन सगळीकडं पुरली न्हाईत.

आय बी आल्याली त्या दिवशी. म्हातारी कुटं जात न्हाई कवा, पन तिचं सूत हुतं गाडीला. झालं काय, पोरांना वारं बगायचं हुतं, सुपातनं कसं जातंय. त्येला म्हनं लोकरीचं दोरं चिटकवायचं, बोटभर लांब, आनि गाडी पळवताना दोरं कसं हलत्यात ते मोबाईलवर घ्यायचं. दुकानातली लोकर जड पडली, मंग आशीला आज्जी आटवली. आयनं घोंगड्यासाठी चातीवर कातल्यालं सूत ठेवल्यालं, बारीक, हलकं. आय म्हनली गाडीला घोंगडं घालताय का गं. पन दिलं तिनं, आनि सगळं सूप दोऱ्यांनी भरून गेलं, मेंढराच्या पोटावानी दिसाय लागलं. मागं एक दांडा बांधून त्येच्यावर मोबाईल लावला.

सकाळी तीन चार चकरा झाल्या. वेळ मोजली, आदीच्यापेक्षा लय कमी आली, पोरं लय खूश. मोबाईलवर बगितलं तर दोरं सगळं सरळ, मागं ताट, एक बी हलत न्हाई. रणजित म्हनला मामा बगा, नळी काय वडती बगा. मंग जेवनं झाली, पोरींनी डबं आनल्यालं. आशीनं अर्धीच भाकरी खाल्ली, म्हनली पोट भरल्यावर बसवत न्हाई. आयनं तिला कुंकू लावलं. हिनं डोक्यात हेल्मेट घातलं आनि निघाली गाडीकडं, गाडी पार त्या टोकाला उभी.

मी लिंबाखाली बसल्यालो. रणजितचा मोबाईल माझ्या हातात, त्योच सकाळचा व्हिडिओ, मला काय त्यो बंद करता यीना, त्यो आपला फुडं चालत ऱ्हायला. पोरांनी त्यो अर्धाच बगितल्याला, सरळ पळताना दोरं ताट हैत येवढं बगून पोरं नाचली. मी फुडचं बगितलं. वळन यायच्या आदी हिनं अॅक्सिलेटरवरनं पाय काढला, आवाज खाली बसला, आनि तेवढ्यात सगळं दोरं मेलं. लोंबलं. आनि मंग फिरलं. माघारी फिरलं, गाडीच्या तोंडाकडं. सगळं सूपभर.

बाचा धूर मला दिसला तितं, माघारी फिरनारा. मला एका झटक्यात सगळं कळलं, जे तीन म्हैनं कळलं नव्हतं. पाय दाबला हाय तवर धूर हाय, धूर हाय तवर गाडी दाबून बसलीया, आनि तेवढ्या भरवशावर ही वळनात घालनार. सकाळी ही जपून चालवत हुती, सरळ रस्त्यावरच पाय काढून मंग वळत हुती, म्हनून निभावलं. आता ही जोरात घालनार, वळनात पाय दाबूनच ठेवनार, आनि ऐन वळनात काय कारनानं पाय उचलला की धूर बंद, वडनं बंद, आनि गाडीचं बूड उचलल्यासारखं हलकं हुनार, वळनाच्या मदी.

मी उटलो. ती ईस पावलं गेल्याली, माझ्याकडं पाठ. मी तोंड उगडलं, आ म्हनलं आशीतला, आनि आयनं माझं मनगाट धरलं.

मागनं हाक नको, ती म्हनली. निघालीया ती. तोंडाफुडं जा.

आता तुमी म्हनाल हे काय यडं मानूस. मी बी म्हनतो. मी तीस वरसं इंजनाचं काम केल्यालं मानूस, माझी लेक इंजनेर हुनार, आनि माझा आवाज घशात तितंच थांबला. हाक येवढी जवळ हुती. ईस पावलं. तिला आयकू गेलं असतं, अजून इंजन बी चालू नव्हतं. गाडी सोडायला झेंडा घेतल्यालं पोरगं बी उभं हुतं, त्येला नुसतं सांगितलं असतं तरी त्येनं थांबवलं असतं. ते माझ्या डोस्क्यातच आलं न्हाई. माझ्या डोस्क्यात एकच, वळसा घालायचा, तोंडाफुडं जायाचं. मी पळालो, पटांगनाच्या कडंनं, चिपाडाच्या मागनं, वजनकाट्याकडं, कारन गाडीपतुर मी पोचनार नव्हतो आनि ती वजनकाट्याला वळायला येनारच हुती. माझी आय माळ वळसा घालून पळाल्याली तसा मी पळालो. मागनं इंजन चालू झाल्याचं आयकू आलं, त्यो घुमल्याला आवाज.

वजनकाट्याच्या आतल्या बाजूला मी जाऊन उभा ऱ्हायलो, टोप्यांच्या पलीकडं, आनि हात वर केला. थांब म्हनून. ती आली. लय जोरात आली, वळनात घातली, गाडी कशी चिकटल्यावानी वळाय लागली, मला तिचं डोळं दिसलं काचेतनं, आनि तिला मी दिसलो.

आनि आवाज तुटला.

तुमाला सांगतो, कानानं जगनारा मानूस मी, पन त्यो आवाज तुटल्याला मी आजून रोज आयकतो. तिनं पाय काढला. बापानं हात वर केला म्हनल्यावर कुटली लेक पाय काढनार न्हाई? गाडीचं बूड सुटलं, भोवऱ्यावानी एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरता फिरता तोंड कट्ट्यावर आपटलं, जितं टायरं नव्हती तितं. धूळ, चिपाडाचा भुसा, आनि फायबर जळाल्याचा वास. पोरांनी लाल नळकांडी घिऊन इझवलं. मी हात वर करूनच उभा हुतो म्हनं, रणजितनं खाली घेतला.

डावा पाय नडगीपाशी दोन जागी मोडला आनि घोटा पार गेला. कऱ्हाडला दवाखान्यात नेलं, सळई घातली, दोनदा कापलं. वाचली. बिरोबाची किरपा म्हना. हिची आय फुडं म्हैनाभर माझ्याशी बोलली न्हाई, ती नळीमुळं, बाकी तिला काय ठाव न्हाई. आनि माझी आय काय म्हनती सांगू? म्हनती तू आ म्हनलास. निम्मी हाक तुज्या तोंडातनं गेली हुती, त्येनं झालं. ती अजून तसंच धरून हाय. त्या दिवसापासनं तिनं चाती हातात घेतली न्हाई.

तिसऱ्या दिवशी कॉलेजचं सर आलं, दोघं. रणजित बी हुता. काय झालं म्हनून इचारलं. मी खाटंच्या पायथ्याशी उभा. मी सांगनार हुतो, तुमच्या गळ्याची आन, तोंडाशी आल्यालं. आशीनं माझ्याकडं बगितलं न्हाई. छताकडं बगत म्हनली, कुत्रं आडवं आलं सर, मी पाय काढला, गाडी सुटली.

रणजित म्हनला मला तर कुत्रं दिसलं न्हाई. ती म्हनली आलं, वजनकाट्याच्या आतनं आलं, तांबडं हुतं.

ट्रायलच्या दिवशी माझ्या खांद्यावर तांबडा टावेल हुता. रणजित लांब हुता त्येला नीट दिसलं नव्हतं, गाडी आपटल्यावर मी धावून तितं पोचलो आसंन असंच त्येला वाटलं. सरांनी लिवून घेतलं. फुडं रिपोट झाला, त्येच्यात लिवलं की नळीचं तोंड सुपात सोडल्यानं पाय काढल्यावर गाडी अस्थिर झाली, आनि कुत्रं. नळीवर सगळं आलं. नळीनं काय केलं न्हाई हो. नळीनं सांगितल्यालं काम केलं, शेवटच्या घोटापतुर.

मी तिला कवा इचारलं न्हाई का तू असं बोललीस. तिनं कवा इषय काढला न्हाई. सळई काढली, काठी गेली, पन डावं पाऊल वाईच भायेर पडतं, पायरी चढताना दिसतं. मला तिचं पाऊल वळखू येतं आता, दुकानाच्या भायेरनं, एक पाऊल वाजतं आनि दुसरं घासतं. ते वाजलं की माझा हात थांबतो. रडाय येतं खरं सांगायचं तर, पन भट्टीफुडं डोळ्यातनं पानी येतंच, कोन इचारत न्हाई.

मला वाटलं सुटली ह्या नादातनं. तर दोन म्हैन्यांमागं आली, हेच शेवटचं वरीस तिचं, आनि ह्या बाकड्यावर कागद पसरला. नळी खालनंच. मी बगतच ऱ्हायलो. म्हनली तशी न्हाई आप्पा, नीट बगा, सुपाच्या पोटात न्हाई, सुपाच्या कडंला सोडायची. जोर कमी मिळंल, पन पाय काढला तर सुटंल बी कमी. आनि एक वाकान कमी हुतंय, इंजन मोकळं व्हईल. सगळं मोजून काढलंय. मी म्हनलं वरनं काढ की गं, सरळ वरनं काढ, कशाला पायजे. ती म्हनली वरनं काढली की आमी परत मदल्या नंबरात. मी म्हनलं चालवनार कोन. ती म्हनली मी.

मी रेती भाजत बसलो. मंग मला ऱ्हावलं न्हाई, मी खालीच बगून इचारलं, आनि परत कुत्रं आडवं आलं म्हंजी?

तिनं कागद गुंडाळला. म्हनली, औंदा कुत्रं येनार न्हाई आप्पा. तुमी दुकानातच थांबा.

रागानं न्हाई म्हनली. लय मायेनं म्हनली, लेकराला घरात बस म्हनतात तसं. म्हनून मला जास्त लागलं. एवढं दीड वरीस मला वाटायचं मी तिच्यापासनं झाकून ठेवलंय. झाकल्यालं तिनं हुतं, माझ्यावर पांघरून घातल्यालं.

नळी केली मी. ती दुसऱ्याकडं गेली असती, दुसऱ्यानं सुरकुती ठेवली असती. ह्या येळंला दोऱ्याचं सगळं व्हिडिओ मी शेवटपतुर बगितलं, पाय काढल्यावरचं बी. दोरं अजून फिरत्यात. सगळं न्हाई, कडंचं थोडं. ती म्हनली तेवढं मला धरता येतं. आसंल. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पन मला झोप न्हाई.

आज हाय ती रेस. म्हनून मी दुकान उगडलंय पन काम घेतलं न्हाई, आनि म्हनून तुमाला आज येवढं बोललो, एरवी बोललो नसतो. तुमी लिवून घेताय ना, तर एक करा. बाकीचं काय लिवायचं ते लिवा, माझं शुद्ध करा, न्हाई करा. पन जितं रिपोटातलं कुत्रं हाय तितं ते खोडा. तितं कुत्रं नव्हतं, तिचा बा उभा हुता, असं लिवा. माझं नाव घाला. तिनं छापल्यालं वाचलं की तिला कळंल. मला तिच्या तोंडाफुडं जाऊन बोलता यायचं न्हाई आता.

देवानं तिला सुखरूप ठेवावं. अकरा वाजलं का? मंग गाडी सुटली आसंल.